रक्षेचा फॉर्म

११ जानेवारी २००४

प्रिय स्नेहल,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. बाळाचं वजन वाढलं, तुझे टाके आता दुखत नाहीत, हे वाचून फार बरं वाटलं असं लिहायला हवं. खरं सांगायचं तर वाचलं, घडी घातली आणि घड्याळाखाली ठेवून दिलं. हल्ली असंच होतं. बातमी चांगली असो नाहीतर वाईट, ती दारापर्यंत येते आणि तिथंच उभी राहते. सकाळी उठतो, दोन कप चहाचं आधण ठेवतो, मग आठवण झाली की एक कप ओतून देतो. रामलिंग सर म्हणाले, ओतता कशाला, मला हाक मारा की. तेव्हापासून येतात बिचारे. ते हेडमास्तर असताना त्यांच्या केबिनमधल्या माझ्या चकरांना वैतागायचे, आता स्वतः चकरा मारतात. दोघं बसून पितो. साखर पडलीय की नाही हे त्यांनी सांगितल्यावर मला कळतं. घाबरून जाऊ नको, तब्येत ठणठणीत आहे. कोल्हापूरला जाऊन तपासून आलो. डॉक्टर म्हणाला, मास्तर, काळीज पैलवानाचं आहे तुमचं. मी म्हटलं, असेल.

तू लिहिलंयस की पेपरातलं ते कात्रण तू कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंस. नदी वाचवणाऱ्या मास्तरांनी घरापासून सुरुवात केली, असं काहीतरी त्याच्यावर छापलंय. आणि शेवटी तू लिहितेस, आण्णा, तुम्ही आईचा शब्द पाळलात, मला तुमचा अभिमान वाटतो. या ओळीवर मी चार दिवस अडून बसलोय. आईचा शब्द मी पाळलेला नाही, स्नेहल. मोडला. सगळ्या गावादेखत मोडला आणि गावानं मला नमस्कार केला. हे फोनवर सांगणार होतो, पण तुमचा फोन तुझ्या सासऱ्यांच्या खोलीत आणि माझा आवाज हा असा वर्गातला, चंदगडच्या स्टँडपर्यंत ऐकू जायचा. म्हणून लिहितोय. क्रमानं लिहितो. तुला ठाऊक आहे तेही त्यात येईल, त्याला इलाज नाही. मागचा धडा घेतल्याशिवाय पुढचा सुरू करता येत नाही, ही मास्तराची खोड आहे.

आपला नदीचा वर्ग कसा सुरू झाला ते आठव. शनिवारची सकाळची शाळा साडेदहाला सुटायची आणि मी तुम्हा आठवी-नववीच्या पोरापोरींना घेऊन पंचगंगेवर जायचो. प्रदूषणाचा धडा खडूनं शिकवायचा मला कंटाळा आला होता, एवढंच त्याचं कारण. पेपरवाल्यांनी नंतर त्याला काहीबाही नावं दिली. जर्मनची ताटली पांढरी रंगवून दोरीला बांधायची, पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी किती भिजली ते मोजायचं. दिवाळीत दोन हात भिजायची, मार्चात वीतभर. तू ते वहीत लिहायचीस, तारीख, वेळ, पाण्याचा रंग, वास. वासाच्या रकान्यात तू एकदा 'सांगता येत नाही' असं लिहिलं होतंस आणि मी तुला सगळ्यांसमोर झापलं होतं. मग पोरं कंबरभर पाण्यात उतरून वर पसरलेलं केंदाळ ओढायची, काठावर त्याचे ढीग लागायचे, बायका म्हणायच्या, मास्तरानं पोरांची धोबीघाटाला नेमणूक केलीय. तुझी आई तिथंच धुणं धूत असायची. ती तुझ्याकडं बघून न बघितल्यासारखं करायची, कारण नदीवर मी तिचा नवरा नव्हतो आणि तू तिची लेक नव्हतीस. तसं मीच तुम्हाला बजावलं होतं.

मग शहाण्णव सालचा मार्च. नदीचं पाणी उतरलं आणि पाणी अडवायला बंधाऱ्यात घातलेल्या फळ्यांना, बरग्यांना, अडकलेलं सगळं उघडं पडलं. पोरांनी ते बाहेर काढलं तेव्हा मलाच शरम वाटली. गाद्या, उशा, चादरी, लुगडी, औषधाच्या बाटल्या, दातांची कवळीसुद्धा. गावात माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होतं, त्या वेळी राख नदीत सोडायची आणि मागोमाग त्या माणसाचं अंथरूण-पांघरूण, जे असेल ते फेकून द्यायचं. पिढ्यान्पिढ्या असंच चाललं होतं आणि बरगे घातल्यावर ते सगळं तिथं येऊन थटत होतं. पोरं नाकाला रुमाल बांधून ओढत होती. तेवढ्यात तू एक भिजलेली वाकळ हातात धरून माझ्याकडं आलीस. निळ्या काठाची. म्हणालीस, आण्णा, ही आजीची. चार महिन्यांपूर्वी माझी आई गेली होती आणि ती वाकळ मी स्वतःच्या हातानं नदीत टाकली होती. मी, विज्ञानाचा मास्तर. पोरं माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी काय बोललो ते आठवत नाही. काहीतरी ओरडलो असणार, कारण लाज वाटली की मी ओरडतो.

त्यावरून तो फॉर्म निघाला. कल्पना तुझी, नुसती हौस माझी. शाळेच्या मशिनवर आपण दोनशे कागद छापले. वर नाव, वय. खाली, माझ्या पश्चात माझी रक्षा व कपडे नदीत न सोडता शेतात खड्डा काढून त्यात घालावेत व त्यावर झाड लावावे. मग झाडाचं नाव, जागा, सही किंवा अंगठा, आणि शेवटच्या रकान्यात वारसाची सही. तो रकाना तू घातलास. म्हणालीस, मेलेलं माणूस उठून भांडायला येत नाही, कुणीतरी जबाबदार पाहिजे. तीन शनिवार तुम्ही दारोदार फिरलात. काही ठिकाणी चहा मिळाला, काही ठिकाणी शिव्या. एका म्हातारीनं, आत्ताच खड्डा काढताय काय रं माझा, म्हणून काठी उगारली होती. रामलिंग सर शिक्षकांच्या खोलीत पाय पसरून म्हणाले, आम्हा लिंगायतांचं बरं आहे, आम्हाला पहिल्यापासून मातीतच बसवतात, तुमचा फॉर्म आम्हाला लागू नाही. सगळे हसलो. घरी तू तुझ्या आईला फॉर्म दिलास. साक्षरतेच्या वर्गात जाऊन ती नुकती सही शिकली होती. पाटावर कागद ठेवून तिनं सावकाश सही केली, मग झाडाच्या रकान्याशी थांबली आणि म्हणाली, कढीपत्ता लिही, शेजारपाजारच्या बाया चार पानं न्यायला तरी येतील. तू म्हणालीस, आई, कढीपत्ता काय झाड आहे का, मोठं झाड पाहिजे. आणि तूच आंबा लिहिलंस. वारस म्हणून तुझी सही. मी पेपर तपासत बसलो होतो, सगळं ऐकत होतो.

त्यानंतर जे झालं त्याचं कौतुक मी पुष्कळ ऐकलंय. गणपतीत गुऱ्हाळाची काहील घाटावर आणून तिच्यात विसर्जन करायला लावलं, निर्माल्य वेगळं करायला लावलं, पोरं दिवसभर उन्हात उभी राहून हात जोडायची. आठ वर्षांत चारशेवर फॉर्म भरले आणि साठ-बासष्ट माणसं खरोखरच शेतात गेली. त्यांची झाडं दिसतात, रस्त्यानं जाताना पोरं नावानं ओळखतात. बंधाऱ्याला आता गाद्या अडकत नाहीत. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान होता. पण ताटलीची दोरी मार्चात अजून वीतभरच भिजते, स्नेहल. वरून नाले येतात ते येतातच. मूठभर राखेनं नदीचं काय बिघडतं आणि नाल्यानं काय बिघडतं, याचा हिशेब मला येत होता. पोरांच्या हाताला जे लागेल तेवढंच मी पोरांना दिलं. नाल्यापर्यंत पोरांचे हात पोचत नव्हते आणि माझेही पोचले नाहीत. अर्ज केले, उत्तरं आली नाहीत, गप्प बसलो. हे मी वर्गात कधी बोललो नाही.

आता तुझ्या आईचं. तिच्या किडन्या गेल्या ते तुला माहीत आहे, आठवड्यातून दोनदा कोल्हापूरला मशिनवर नेत होतो तेही माहीत आहे. त्यापायी पहिलं बाळंतपण असून तुला माहेरी आणता आलं नाही, हे तिच्या मनाला शेवटपर्यंत लागून राहिलं. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही दवाखान्यातून परत येत होतो, वडापच्या जीपमध्ये. नदी आली तशी ती ड्रायव्हरला म्हणाली, पावणं, हितं उतरवा. मला वाटलं, मळमळतंय. तर ती पायऱ्या उतरून चालायला लागली, सुजलेल्या पायांनी, माझा खांदा धरून. ज्या दगडावर तिनं पंचवीस वर्षं धुणं धुतलं त्याच्याशेजारी बसली. दुपारचे तीन वाजले असतील. चिमणाबाई तिथं वाकळा धूत होत्या. आपल्या परड्याच्या पलीकडच्या, दुसरं कोण. त्यांच्यादेखत ती मला म्हणाली, अवो, माझी आई हितं हाय, आबा हितं हाईत, थोरली अक्का हितं हाय, तुमच्या आईलाबी हितंच सोडलंय. मला एकलीलाच उसात कशाला टाकताय? त्या झाडाखाली मी एकटी काय करू? मी म्हटलं, अगं, तू फॉर्मवर सही केलीस की. ती म्हणाली, पोरगीनं कागद फुडं केला, पोरगीसाठी केली. माझ्या राखेनंच नदी घाण होतीया व्हय? नाल्याला इचारा की.

मी तिला काय उत्तर दिलं असेल? एवढी वर्षं शिकवलं, भाषणं केली, जिल्ह्यात तीन वेळा सत्कार झाला. मी म्हटलं, बघू. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पदरानं तोंड पुसलं. चिमणाबाई धुणं आपटायच्या थांबल्या होत्या. त्यानंतर महिनाभर ती होती, स्नेहल. तिनं पुन्हा विषय काढला नाही. तिला वाटलं असेल, सांगितलंय, आता ते बघतील. मला वाटत होतं, विसरली असेल तर बरं. दिवाळी झाली, तुझं सिझेरियन झालं, मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हा ती हसली आणि नाक कुणासारखं आहे ते विचारायला लावलं. सहाव्या दिवशी दुपारी ती गेली. मी तिच्या उशाला बसून पेपर वाचत होतो. पान उलटलं आणि बघितलं तर श्वास नव्हता. मी ते पान वाचून संपवलं. हे कुणाला सांगितलेलं नाही. का वाचलं, काय होतं त्या पानावर, काहीही आठवत नाही, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि मग उठून चिमणाबाईंना हाक मारली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाव जमलं. तुझा मामा आला होता, पांढऱ्या टोप्यांची गर्दी झाली होती, आणि शाळेची पोरं गणवेशात, दोन रांगांत. तुझ्या बरोबरचा आपला राजवर्धन आता शाळेतच मास्तर आहे, नदीचा वर्ग तोच घेतो. त्यानं आदल्या दिवशीच मळ्यात खड्डा काढून घेतला होता, आंब्याचं रोप, शेणखत, पाण्याची घागर, सगळं तयार. मला कुणी विचारलं नाही आणि विचारायचं कारणही नव्हतं. बासष्ट घरी मीच तसं केलं होतं. राख भरली, बुट्टीत घेतली, नैवेद्य ठेवला आणि कावळ्याची वाट बघत सगळे लांब जाऊन बसलो. कावळे होते, झाडावर पाच-सहा होते. खाली एकही येईना. अर्धा तास झाला. तुझा मामा पुढं होऊन म्हणाला, तानाक्का, लेकीची काळजी करू नको, तिचं बाळंतपण आम्ही निभावतो. कावळा हलला नाही. मग कुणी म्हणालं, मास्तरांना सांभाळतो. कुणी म्हणालं, नातीला न्हाऊमाखू घालतो. प्रत्येकजण आपापलं काहीतरी कबूल करत होता. तिला काय हवं होतं ते तिथं दोनच माणसांना ठाऊक होतं. चिमणाबाई बायकांच्या घोळक्यातून सरळ माझ्याकडं बघत होत्या. मी विज्ञान शिकवलंय, कावळ्याला कबुली लागत नाही हे मला कळतं. तरी उठून दोन शब्द बोललो असतो तर कुणी हसलं नसतं. नदी पन्नास पावलांवर होती. मी बसून राहिलो. पावणेदहाला एक कावळा आला आणि भाताला शिवला, तिला हवं ते कुणी कबूल न करताच. त्याला भूक लागली असणार.

मग सगळे मळ्यात गेलो. खड्ड्यापाशी फॉर्म मोठ्यानं वाचायचा आणि वारसानं 'होय' म्हणायचं, ही आपल्या शाळेचीच पद्धत, तुम्ही पोरांनी पाडलेली. आठवीतली विद्याश्री नावाची एक मुलगी पुढं आली. तिचा आवाज खणखणीत आहे. मी तानाबाई, वय चाळीस, असं तिनं वाचायला सुरुवात केली. माझ्या पश्चात माझी रक्षा नदीत न सोडता. तुझ्या आईचे शब्द नव्हतेच ते, आपण दोघांनी जेवणाच्या ताटावर बसून जुळवलेलं वाक्य होतं. वाचून झालं. तू नव्हतीस, म्हणून राजवर्धन माझ्याकडं वळला आणि म्हणाला, सर, वारसाच्या जागी तुम्ही. ऐंशी पोरं माझ्याकडं बघत होती. समोर कॅमेरेवाला. मला आतून काही म्हणजे काही वाटत नव्हतं. नाही म्हणायला जेवढं काहीतरी वाटावं लागतं तेवढंसुद्धा नव्हतं. मी होय म्हटलं. राजवर्धननं राख खड्ड्यात ओतली, वर शेणखत, माती, रोप, घागरभर पाणी. पोरांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. कात्रणावरचा फोटो त्यानंतरचा आहे. त्यात मी फार दुःखी दिसतो असं सगळे म्हणतात. मला तेव्हा फक्त उन्हाचा त्रास होत होता.

परत निघताना चिमणाबाई माझ्या बाजूनं चालत आल्या आणि इतरांना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाल्या, मास्तर, ती नदी म्हणालती की. एवढंच. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. दोन वेळची भाकरी परड्याच्या भिंतीवर ठेवतात, भांडं वाजवतात, मी जाऊन घेतो. माणूस म्हणून मला उपाशी ठेवत नाहीत आणि बोलतही नाहीत, दोन्ही बरोबर आहे त्यांचं. बारशाला मी तुझ्याकडं आलो तेव्हा हे सगळं सांगायचंच ठरवून आलो होतो. एसटीत वाक्यं जुळवत आलो. तू बाळ माझ्या मांडीवर दिलंस आणि म्हणालीस, बघा, नाक आईचं आहे. खरंच होतं. मी बघत राहिलो आणि मला काहीच वाटलं नाही. तू माझ्याकडं बघून रडलीस, तुला वाटलं मी आवरून धरलंय. मी आवरून काही धरलं नव्हतं. आवरायला हाताशी काही नव्हतंच. मग काय सांगणार, चहा प्यालो आणि संध्याकाळच्या गाडीनं परतलो.

तू एक समजून घे. फॉर्मवर तुझी सही आहे म्हणून हे तुझ्यामुळं झालं असं चुकूनही मनात आणू नको. तू पंधरा वर्षांची होतीस आणि मी शिकवलं तेच बोलत होतीस. आई माझ्याशी बोलली, तुझ्याशी नाही. तोंड मी उघडलं नाही. आणि आता त्याहून वाईट सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय हे अर्धंच राहील. गेल्या आठवड्यात राजवर्धन पोरांना घेऊन आला. फॉर्मची जुनी फाईल नीट लावायची म्हणून यादी करत होते. चारशे सतरा फॉर्म आहेत. पण फाईल दोन नंबरपासून सुरू होते. विद्याश्रीनं विचारलं, सर, एक नंबर कुठं आहे? राजवर्धन तिला म्हणाला, अगं, एक नंबर सरांचा, सरांनी घरी जपून ठेवला असेल. तुलाही आठवत असेल, शहाण्णव साली तू माझ्यापुढं कागद धरलास तेव्हा मी म्हटलं होतं, माझा शाळेत भरलाय, पहिला. भरला नव्हता. कधीच भरला नाही. दोनशे कागद मी वाटले आणि स्वतःचा खिशातून काढून चुलीत टाकला. मलाही नदीतच जायचं होतं, स्नेहल. माझे आईबाप तिथं आहेत. तुझी आई घाटावर बसून जे बोलली ते माझ्या मनातलंच होतं आणि ते तिच्या तोंडून ऐकताना मी तिला फॉर्मची आठवण करून दिली. पोरांना मी सांगितलं, शोधून देतो.

चार दिवस मी विचार करत होतो की हे आता कसं निस्तरायचं. मळ्यात जाऊन रोपाभोवतीची माती हातानं उकरूनही बघितली. राख दिसत नाही. मातीत मिसळलेली राख पाणी घातल्यावर वेगळी करता येत नाही, हे मीच आठवीला शिकवायचो. म्हणून राजवर्धनकडून एक कोरा फॉर्म मागून आणला आणि काल भरला. सोबत पाठवलाय. वर कोपऱ्यात नंबर एक घातलाय. जागेच्या रकान्यात तुझ्या आईच्या रोपाच्या पूर्वेला तीन फूट, असं लिहिलंय, खुणेला दगड पुरून ठेवलाय. माझी सही झाली आहे, शेवटच्या रकान्यात वारसाची पाहिजे, आणि सगळं खरं कळल्याशिवाय तू ती करावीस हे मला योग्य वाटलं नाही, म्हणून एवढं लिहिलं. वाचून माझा राग आला तर येऊ दे, आठ दिवस ठेव, मग सही कर. तिला आता नदीत नेता येत नाही. मला तिच्याकडं जाता येतं.

तुझाच,
आण्णा